नदीला कुलूप

गेल्या रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या वॉचमनने दोन पोरांना दंडाला धरून माझ्यासमोर उभं केलं. मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. "सर, मागच्या भिंतीवरून उड्या टाकून नदीवर चालली होती," तो म्हणाला. एकाच्या हातात बांबूची काठी आणि तिला बांधलेला नायलॉनचा दोरा. दुसऱ्याच्या हातात दुधाची रिकामी पिशवी आणि तिच्यात ओल्या मातीतली गांडुळं. वयं दहा-बारा. शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांची मुलं असावीत.

मी विचारलं, "काय लागतं रे इथे गळाला?"

धाकटा म्हणाला, "चिलापी." मग जरा धीर आला तसा पुढे म्हणाला, "कधीकधी मांगूर. एवढा!" आणि त्याने बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत हात मोजून दाखवला.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एक गृहस्थ ओरडले, "पोलिसांत द्या त्यांना! रोजची कटकट आहे ही!" मुलांचे चेहरे पांढरे पडले. मी त्यांना त्यांचा गळ परत दिला, गांडुळांची पिशवीही दिली आणि जाऊ दिलं. पुढच्या फाटकातून. म्हणजे नदीच्या उलट्या दिशेने!

चाळीस वर्षं मास्तरकी केल्यासारखी माणसं मला मान देतात (खरं तर सदतीसच केली), म्हणून कुणी उघड काही बोललं नाही. पण संध्याकाळी कट्ट्यावर विषय निघालाच. "सर, तुम्ही असं केलंत तर शिस्त कशी राहणार?" मी गप्प बसलो. आता आठवडा होत आला, पण ते डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. सौम्य लिहायचं ठरवलंय, जमेलच असं नाही.

वाचकहो, गंगापूर रोड ज्यांनी आजच पाहिला आहे त्यांना सांगून खरं वाटणार नाही, पण माझ्या लहानपणी हा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना मळे आणि मधून जाणारी बैलगाडी. रस्त्याच्या उत्तरेला गोदावरी, रस्त्याला जवळपास समांतर वाहणारी. प्रत्येक दोन मळ्यांच्या मधून नदीकडे उतरणारी एक पायवाट असे. ती कुणाची, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नसे. त्या वाटेने म्हशी जात, धुणं घेऊन बायका जात, दहाव्याला माणसं जात आणि संध्याकाळी गळ घेऊन माझे वडील जात. मागे मी.

वडील शेतकरी. मासे धरणं हा त्यांचा धंदा नव्हता, पण त्यातली विद्या त्यांच्याकडे धंदेवाईकाइतकी होती. मरळीसाठी जिवंत बेडकी. कणकेच्या गोळ्याला येणारे ते लहान खवल्यांचे मासे, मोरपिसाचा देठ पाण्यावर जरा हलला की झटका द्यायचा. आणि शिंगाळ्यासाठी मात्र काळोख हवा. शिंगाळा म्हणजे मिशांचा मासा, कुणी त्याला शिंगाडाही म्हणतात (उपासाचा नव्हे!). तो तळाशी फिरतो. त्याला तरंगता गळ चालत नाही. दोऱ्याला शिसं बांधून आमिष थेट तळाला सोडायचं, दोरा बाभळीच्या मुळाला बांधायचा आणि तिथेच घोंगडी टाकून बसायचं. मासा लागला की मूळ हलायचं. त्याच्या पाठीवरच्या आणि छातीच्या दोन्ही बाजूंच्या परांना काटे असतात, करवतीसारखे. ते चुकवून त्याला कसं धरायचं, हे वडिलांनी मला माझा हात त्यांच्या हातात धरून शिकवलं. एकदा चुकलो. उजव्या तळव्यावर अजून पांढरी रेघ आहे. पुढे सदतीस वर्षं त्याच हाताने फळ्यावर लिहिलं.

या शिंगाळ्याची एक गंमत मला फार उशिरा, निवृत्तीनंतर कळली. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२०-३० च्या सुमारास दख्खनमध्ये सरकारी पाहणी करत हिंडत होता. त्याने पुण्याच्या मुळा-मुठेतले मासे पाहिले, त्यांची चित्रं काढवून घेतली आणि १८३९ साली त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. शास्त्रीय नावं देताना त्याने लॅटिनचा कोश उघडला नाही. इथली माणसं त्या माशांना काय म्हणतात ते विचारलं. म्हणून आज जगभरच्या पुस्तकांत शिंगाळ्याचं नाव 'सिंघाला' आहे, दख्खनच्या महसीरचं नाव 'खुद्री' आहे, आणि 'कोलस', 'बोगट', 'नुक्ता' ही नावंही तशीच चालू आहेत. ही नावं साइक्सला सांगणारा माणूस नदीच्या काठावर जाळं किंवा गळ घेऊन उभा असणार. त्याचं स्वतःचं नाव मात्र कुठे नोंदलेलं नाही.

आज गंगापूर रोडवरच्या शंभर सुशिक्षित माणसांना विचारा, आपल्या नदीतल्या पाच माशांची नावं सांगा. 'सुरमई' म्हणतील! (ती समुद्रातली.) दोष त्यांचा नाही. नदी त्यांना दिसते ती पुलावरून किंवा फ्लॅटच्या जाहिरातीत, 'रिव्हर व्ह्यू' म्हणून. 'व्ह्यू' विकत मिळतो, वाट मिळत नाही.

वाटा गेल्या कशा, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. गंगापूरचं मातीचं धरण १९६५ साली पुरं झालं, शहराला पाणी मिळालं, शहर वाढलं. मळ्यांचे प्लॉट झाले, प्लॉटचे बंगले, बंगल्यांच्या इमारती. नदीला लागून ज्या जमिनी होत्या तिथे लग्नाची लॉन आली. पायवाटा सातबाऱ्यावर नव्हत्या, त्या लोकांच्या पायांखाली होत्या. मधे भिंत आली की वाट संपली. २००८ च्या सप्टेंबरात मोठा पूर आला, नदीने आपली जुनी जागा मोजून दाखवली. त्यानंतर पूररेषा आखल्या गेल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही, असा नियम. ठीक. मग ज्या जमिनीवर कुणाला काही बांधताच येत नाही, तिथून माणसाला चालत जाऊ द्यायला काय हरकत आहे? बांधकाम नाही म्हणता म्हणता हिरवळ होते, मांडव होतो, दिव्यांच्या माळा होतात, कंपाउंड होतं आणि फाटकावर पाटी लागते. इमारत तेवढी नसते!

आता ज्याबद्दल लिहायला जड जातं ते लिहितो. आमच्या सोसायटीमागची वाट १९९८ साली बंद झाली. सर्वसाधारण सभेत ठराव आला : मागच्या बाजूने 'बाहेरचे लोक' येतात, चोऱ्यांची भीती आहे, सबब भिंत उंच करावी व लोखंडी दार बसवून त्यास कुलूप लावावे. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. ठरावाचं शुद्धलेखन मी तपासलं आणि खाली सही केली. त्या 'बाहेरच्या लोकां'त कोण होतं? जाळं खांद्यावर टाकून पहाटे जाणारे दोन भोई, ज्यातल्या एकाला मी लहानपणापासून मामा म्हणत होतो. भोई समाज सरकारदरबारी भटक्या जमातींत मोडतो. मी मात्र त्याला त्याच्या पिढीजात पाण्यापाशीही उभं राहू दिलं नाही, आणि इतिहासाच्या तासाला मुलांना समता शिकवत राहिलो. मामा त्यानंतर लांबून, पुलाखालून जाऊ लागला. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढे सात-आठ वर्षांनी बाजारात भेटला. मी सवयीने विचारलं, "मामा, मासे काय म्हणतात?" तो म्हणाला, "गुरुजी, शिंगाळा गेला." एवढंच. मला वाटलं म्हातारपणाची कुरकुर. ती कुरकुर नव्हती, नदीचा तपासणी अहवाल होता आणि कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी आला होता.

जरा समजावून सांगतो, मास्तरची खोड. पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळलेला असतो. वीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच कमी. त्यात नाल्यातून मैला आला की तो कुजवणारे जंतू हा प्राणवायू खाऊन टाकतात. आंघोळीयोग्य पाण्यात तो निदान पाच मिलिग्रॅम असावा, असा सरकारी निकष आहे. तळाशी राहणारे मासे आधी संकटात येतात, कारण घाण तळालाच बसते. शिंगाळ्याचा नर तळाच्या मऊ मातीत खळगा करतो आणि पिलांची राखण करतो. त्या खळग्यात गाळ आणि मैला बसला की वंशच खुंटला. मग उरतं कोण? चिलापी, म्हणजे तिलापिया, १९५२ साली परदेशातून आपल्या देशात आणलेली, कशाही पाण्यात वाढणारी. आणि त्या पोराने कोपरापर्यंत दाखवला तो मांगूर. इतका मोठा, म्हणजे बहुधा आफ्रिकन जातीचा. केंद्राने २००० साली ज्याच्या पैदाशीवर बंदी घातली तोच. तो तोंड वर काढून हवेतून श्वास घेतो, त्यामुळे गटारातही जगतो. गळाला काय लागतं, एवढ्यावरून नदी कोणत्या इयत्तेत नापास झाली ते सांगता येतं.

उन्हाळ्यात मेलेले मासे तरंगले की पेपरात फोटो येतो. पाणवेलींचा गालिचा पसरला की दुसरा फोटो. दोन दिवस हळहळ. पण मासे तरंगतात ती शेवटची पायरी. पहिली पायरी काठावर रोज बसणाऱ्यालाच कळते, आणि काठावर बसणारा आम्ही हाकलून दिला. मला सांगायचं आहे ते एवढंच आणि त्यासाठीच ही लेखणी झिजवतो आहे : गळ टाकणारा माणूस नदीचा शत्रू नव्हे, तिचा पहारेकरी आहे. फुकटचा. त्याला वाट द्या.

यावर जे आक्षेप येतात ते मला तोंडपाठ झाले आहेत.

पहिला आक्षेप पावित्र्याचा. "सर, ही गोदामाई आहे, हिच्यात जीवहत्या?" हे ऐकलं की माझं रक्त तापतं. रामकुंडावर, देवळापुढच्या घाटावर गळ टाकू नये, मान्य. मी तिथे कधी टाकला नाही, टाकणार नाही. पण ज्या माईच्या पोटात आपल्या संडासाचं पाणी जातं, तिच्या काठावर एका पोराने एक चिलापी धरली तर तेवढ्याने ती बाटते? मासा गळाने मेला तर हत्या आणि गुदमरून दहा हजार मेले तर प्रदूषण! ज्यांची श्रद्धा खरी असते त्यांचं काम दिसतं. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंढ म्हणून काळ नदीचा डोह आहे. तिथले महसीर वरदायिनीचे, त्यांना कुणी धरत नाही. आणि डोहही राखलेला आहे. तशी राखण करा, मी माझी काठी स्वतः मोडून देतो. पण मासाही राखायचा नाही, पाणीही राखायचं नाही, आणि गरिबाला मात्र पाप सांगायचं, ही कुठली भक्ती?

दुसरा आक्षेप, मुलं बुडतील. खरी भीती आहे, नाकारत नाही. सोमेश्वरच्या धबधब्याजवळच्या खडकांवर पाय घसरतो, धरणातून पाणी सोडलं की पातळी चढते. पण भिंत चढून चोरून जाणारं पोर बुडण्याची शक्यता जास्त की दाराने, चार मोठ्यांच्या देखत जाणारं? पाणी सोडताना भोंगा वाजवा, पाटी लावा. कुलूप म्हणजे सुरक्षा नव्हे.

तिसरा आक्षेप, तिथे दारू पितात, बाटल्या फोडतात. याला माझ्याकडे उत्तर नाही. हे खरंच होतं, आणि गळवाल्यांतलेही काही तुटलेला नायलॉनचा दोरा तिथेच टाकून जातात, त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. मी स्वतः सोडवला आहे एक. करंट लावून मासे मारणारेही आहेत, सुरुंगाची दारू वापरणारे माझ्या तरुणपणी होते. स्फोटकं किंवा विष घालून मासे मारणं १८९७ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यांना जरूर धरा. पण रात्री करंट लावणारा भिंतीला भीत नाही. भिंतीला भितात ती दहा वर्षांची पोरं आणि माझ्यासारखे गुडघे गेलेले म्हातारे.

बाहेरच्या जगात हे कसं चालतं ते एकदा पाहायला मिळालं. २०१६ साली मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, मिसूरी राज्यात, सेंट लुईसला. जावईबापूंना मासेमारीचा गंधही नाही, पण माझी चुळबुळ पाहून एका शनिवारी ते मला मेरामेक नदीवर घेऊन गेले. रस्त्यावर सरकारी पाटी, खडीचा साधा वाहनतळ, पाण्यापर्यंत उतार, एक स्वच्छतागृह. बस, एवढंच. सिमेंटचे हत्ती नाहीत, कारंजी नाहीत, नेत्यांचे फोटो नाहीत. आम्ही एक दिवसाचा परवाना काढला. शेजारी एक काळा आजोबा नातीला घेऊन बास धरत होता. बास म्हणजे तिकडचा झुंजार मासा, गळाला लागला की पाण्याबाहेर उडी मारतो. त्याने एक धरला, पट्टीवर मोजला, लहान भरला म्हणून परत सोडला. पाहायला कुणी शिपाई नव्हता! मला मिळाला एक मिशांवाला, त्यांचा कॅटफिश, मिसूरीचा तो राज्यमासा आहे. काटे मात्र आपल्या शिंगाळ्यासारखेच. हात आपोआप बरोबर पडला. जावई बघत राहिले.

यामागची व्यवस्था नंतर वाचून काढली. गळ, काठ्या वगैरे सामानावर १९५० पासून तिथे केंद्राचा कर आहे आणि तो पैसा मासे व नद्यांवरच खर्च होतो. शिवाय मिसूरीच्या मतदारांनी १९७६ साली स्वतः मत देऊन विक्रीकरात डॉलरमागे सेंटचा आठवा भाग निसर्गासाठी वाढवून घेतला. आणि कुठल्या पाण्यातला कुठला मासा किती वेळा खावा, याची सूचना तिथलं आरोग्य खातं दरवर्षी काढतं. म्हणजे तिथेही प्रदूषण आहे. अमेरिका काही स्वर्ग नाही आणि तिथेही पुष्कळ काठ खाजगी आहेत. पण माणूस मासा खाणार हे गृहीत धरलं की मासा तपासावा लागतो, मासा तपासला की पाणी तपासावं लागतं. आपण गृहीत धरतो की कुणी खातच नाही. ती दोन पोरं त्या दिवशी चिलापी घरी नेऊन खाणारच होती.

कायद्याचं म्हणाल, तर नदी कुणा सोसायटीची किंवा लॉनवाल्याची नाही. हिमाचलात बियास नदीच्या काठी एका हॉटेलाने प्रवाहच वळवला होता. त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नद्या, किनारे, वनं ही जनतेची आहेत आणि सरकार त्यांचं फक्त विश्वस्त आहे. विश्वस्ताने मालकासारखं वागायचं नसतं, आणि भाडेकरूने तर नाहीच.

आता २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने घाटांची कामं निघाली आहेत. यात्रेकरूंची सोय व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण घाट म्हणजेच नदीकाठ, असं समीकरण होऊन बसलं आहे, ते चूक आहे. पायऱ्यांना मुळं नसतात, मुळांखाली बिळं नसतात, मऊ माती नसते. शिंगाळ्याने काय काँक्रीटमध्ये खळगा करायचा? आनंदवल्लीपासून वर गंगापूरपर्यंत जिथे जिथे मातीचा काठ शिल्लक आहे तो मातीचाच ठेवा आणि निळ्या रेषेच्या आतून पाच फुटांची पायवाट मोकळी करा. फरशी नको, दिवे नकोत, उद्घाटनाची कोनशिला तर नकोच नको.

असो. दुसऱ्यांना सांगण्याआधी स्वतःच्या दाराचं कुलूप काढावं म्हणून सोसायटीला अर्ज दिला आहे. मागचं दार रोज सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सात उघडं ठेवावं, त्या वेळात दाराशी मी खुर्ची टाकून बसेन, येणाऱ्याचं नाव वहीत लिहीन, आणि कोणता मासा मिळाला तेही लिहीन. मासा, लांबी, तारीख, पाण्याचा वास. वही आणली आहे, दोनशे पानी. सध्याचा सेक्रेटरी माझाच विद्यार्थी, दहावी 'ब'. तो म्हणाला, "सर, विषय शेवटी घेतो, 'ऐनवेळचे विषय' मध्ये." म्हणजे तोवर निम्मी मंडळी उठून गेलेली असणार, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

भोईमामा आता नाही. त्याचा नातू रिक्षा चालवतो. परवा गंगापूर नाक्यावर भेटला, त्याला सभेची तारीख सांगितली आहे. तो सभासद नाही, आत येऊ देणार नाहीत. पण दाराचं कुलूप फार गंजलं आहे, किल्ली लागेल असं वाटत नाही; ठराव झालाच तर तोडायला कुणीतरी लागेल. त्याने हातोडी आणतो म्हणून सांगितलं आहे.